तिसरी सुतळी

२ एप्रिल १९८५, मंगळवार

डोकं ठणकून राहिलं आहे आणि त्याला कारण माझा पोरगा आहे. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी हे पान उघडलं तर उगाच माया येणार नाही.

आमच्या इंदोऱ्याच्या घरामागं टिनाचं शेड आहे. धम्माचे बाप देवराव होते तेव्हा सायकलरिक्षाच्या हूडाच्या कमानी तिथं रचून ठेवायचे. ते गेल्यावर मशीनवर मी बसले, हूड शिवू लागले, आणि कमानी वाकवायचं काम धम्माकडं आलं. चांगल्या वाकवतो, नाव ठेवायला जागा नाही. पण दुपार झाली की शेडात बँड.

लग्नातला बँड असता तर मी चकार शब्द काढला नसता. नत्थूचा बाप लग्नाच्या बँडात ढोल वाजवतो, संसार चालवतो. हा बँड कोणाच्या लग्नात चालायचा नाही, नवरी पळून जाईल. मोहननगरचा लॉरेन्स गिटार वाजवतो. ती विजेवर चालते आणि अडलेल्या गाईसारखी हंबरते. नत्थू बापाचा जुना ढोल, दोन पत्र्याचे डबे आणि झांजा मांडून बसतो. आणि माझा धम्मपाल गातो. गातो म्हणजे मान मागं टाकून किंचाळतो, आणि तेही इंग्रजीत. मॅट्रिकला इंग्रजीनंच याला लोळवलं होतं.

नाव ठेवलं आहे 'फोर्टी-सेव्हन डिग्री'. म्हणे मे महिन्यात नागपूर तेवढं तापते. बारशाला तापाचं नाव ठेवणारे मी पहिल्यांदा पाहिले.

शेवटी मी शेडाच्या दारात जाऊन उभी राहिले. "कोणाचा गळा दाबून राहिले रे?"

"माय, हे मैदानाचं गाणं आहे," धम्मा म्हणाला. केस खांद्यावर, शर्टाच्या तीन गुंड्या उघड्या. "दहा वर्सांमागं तिकडं विलायतेत असे बँड अख्खं मैदान भरवत होते. आता जिकडं पाहा तिकडं डिस्को. चमकी लावाची अन् कंबर हालवाची. आमी ते जुनं वापस आणून राहिलो."

"मैदान कुठी आहे बे? हे टिनाचं शेड आहे."

"टिनामुळंच तर आवाज घुमते, मावशी," लॉरेन्स म्हणाला. त्या पोराला शरम नावाची चीज नाही.


७ एप्रिल, रविवार

आज तर हद्द झाली.

बाजूच्या रिकाम्या प्लॉटच्या मालकानं मागच्या महिन्यात माणूस पाठवला होता. म्हणे तुमची मशीन आमच्या हद्दीत येते, मागं सरकवा. देवरावांनी ती मशीन तिथं ठेवली तेव्हा या प्लॉटवर बाभळी होत्या. मी कंबरेला पदर खोचला आणि त्याला सांगितलं, "कोन म्हन्ते मागं सर? मी तं इथीच उभी राहीन, पाहू कोन हालवते." अख्खी गल्ली जमा झाली होती. माझा आवाज काही लहान नाही. माणूस गेला, पुन्हा आला नाही.

तर आज शेडातून काय ऐकू यावं?

"कोन म्हन्ते मागं सर, मी तं इथीच उभा!"

तेच तेच, दहादा. नत्थूचा ढोल खाली आणि हा वर. मी कात्री हातात घेऊनच गेले.

"माझं भांडण विकून राहिले का रे तुमी?"

तिघं एकमेकांकडं पाहून हसले. नत्थू म्हणाला, "मावशी, शब्द तुमचे, ठेकाही तुमचाच. तुमची मशीन कोपरा वळवते ना, तवा कशी थांबून थांबून चालते, ठक... ठक... ठकठक, तसाच घेतला."

जाड रेक्झिनचा कोपरा सावकाशच वळवावा लागतो, नाहीतर सुई तुटते. त्यात गाण्यासारखं काय आहे? चेष्टा करतात म्हातारीची. रागानं मी दुपारचा चहा त्यांना दिला नाही. मग दिला, कारण दूध फाटलं असतं.


१४ एप्रिल, रविवार

जयंती. धम्मानं केस मागं बांधले, पांढरा सदरा घातला, मिरवणुकीत सगळ्यांत पुढं घोषणा देत होता. बाया म्हणाल्या, रंभाबाई, आवाज तुमच्यावर गेला. मी म्हटलं, डोकं बापावर गेलं असतं तर बरं झालं असतं.

आजचा दिवस रागवायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं.


१९ एप्रिल, शुक्रवार

धरमपेठेचे गोपाळराव आले होते. मोठे मंडपवाले, मोठाले भोंगे, मोठाले माइक, शहरात कुठलीही सभा असो, खांब यांचा. पुढच्या महिन्यात स्टेडियममध्ये तरुणांचा जलसा भरवून राहिले आहेत आणि त्यात त्यांना आमच्या पोरांचा बँड पाहिजे.

मी खुर्ची पुसून दिली. चहा केला, वेलची टाकून. "रंभाबाई, मुलगा गुणी आहे हो तुमचा," असं दोनदा म्हणाले. चहाकडं पाहिलं, पित्त झालं आहे म्हणाले आणि कप तसाच ठेवला. पित्त! मी याच शहरात म्हातारी झाले आहे. छप्पन साली दीक्षाभूमीवर उभी होते तेव्हा हे गोपाळराव अर्ध्या चड्डीत असतील. गेल्यावर तो चहा मीच प्यायले. चांगला झाला होता.

सोबत त्यांचा पुतण्या होता, आशुतोष. तो मोटारीतून उतरलाच नाही. काळा चष्मा, काच वर. बारीक अंगाचा, गोरा. जबलपूरला इंग्रजी शाळेत शिकला म्हणे.

गोपाळराव पोरांशी शेडात बराच वेळ बोलले. दार लावून. मला वाटलं आता उड्या मारत बाहेर येतील. बाहेर आले तर नत्थू जमिनीकडं पाहत होता, लॉरेन्सनं पायानं डबा उडवला, आणि धम्मा हसत होता. जास्तच हसत होता.

"भेटलं का स्टेडियम?"

"भेटलं ना माय. बारा मे."

"मंग मैतीहून आल्यासारखे काहून उभे आहा?"

तिघं शेडात परतले. मिळालं तरी तोंड वाकडं, नाही मिळालं तरी वाकडं. आजकालच्या पोरांना सुख दाखवायचीच सोय नाही.


२४ एप्रिल, बुधवार

नत्थू आला. तिघांसाठी काळ्या रेक्झिनचे कोट पाहिजेत म्हणे. लॉरेन्सच्या मामानं रेल्वेत असताना कुठून तरी आणलेल्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. चामड्याचे कपडे घातलेले चार गडी, पाय फाकवून उभे, जसं मैदान यांच्या बापाचं.

"अरे, नागपुरात मे महिन्यात रेक्झिन अंगात घालतात का? त्यात माणूस शिजते."

"मावशी, दिसाले पायजे. मैदानात मागच्याले दिसाले पायजे."

मापं आणली होती सुतळीवर. आमच्या धंद्यात तसंच चालतं. रिक्षावाल्याकडं टेप कुठला? तो कमानीला सुतळी लावतो, जिथं संपलं तिथं गाठ मारतो आणि सुतळी खिशात घालून माझ्याकडं येतो. मी गाठी पाहून कापते. नत्थूनं तीन सुतळ्या ठेवल्या. प्रत्येकीला तीन गाठी, पहिली खांद्याची, दुसरी बाहीची, तिसरी छातीची.

पहिली लांबलचक, ती लॉरेन्सची. दुसरीला छातीची गाठ लांब आणि बाहीची आखूड, तो गोल नत्थू स्वतः. तिसरी पाहिली आणि मी चष्मा पुसला.

"हे कोणाचं आहे बे?"

"जो समोर उभा राहते त्याचं," नत्थू म्हणाला. "गाणाऱ्याचं." आणि चप्पल घालून चालता झाला, पाणीही प्याला नाही.

ही सुतळी धम्माची? माझ्या पोराच्या छातीला सहा इंच कमी पडेल. कमानी वाकवून वाकवून त्याची छाती कशी झाली आहे हे मला सुतळीनं सांगायला पाहिजे का?


२६ एप्रिल, शुक्रवार

कळलं मला सगळं. पोरगा जेवत नाही. दोन भाकरीच्या जागी एक, तीही चिवडत. आणि माप देताना पोट आत ओढून, श्वास वर धरून उभा राहिला असेल. त्या चित्रातले गडी कसे आवळून घालतात तसं पाहिजे असेल साहेबाला. फॅशनपायी उपाशी मरतो आहे.

आज जवसाची चटणी केली, झुणका केला, समोर बसून खाऊ घातला.

"माय, भूक नाही."

"तुले भूक नाही का कोटात मावाचं आहे?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की काही सांगणार आहे. मग भाकरीचा तुकडा तोंडात घातला. मी म्हटलं, बरं झालं, धाक आहे अजून.


२ मे, गुरुवार

लॉरेन्सचा आणि नत्थूचा कोट झाला. तिसरा राहिला होता. सकाळपासून मी त्या सुतळीकडं पाहत होते आणि माझा राग चढत होता. शेवटी उठले आणि सुतळी शेगडीत टाकली. घाण वास सुटला.

माझ्या पोराचा कोट मी माझ्या पोराच्या मापानं शिवीन. तो सकाळी कमान वाकवत होता तेव्हा मागं उभी राहून पाहून घेतलं, बस झालं. खांदा रुंद ठेवला, छाती मोकळी ठेवली, बाही मनगटाच्या खाली उतरेल एवढी. पाठीवर लाल रेक्झिनचा सूर्य लावला, रिक्षाच्या मागं लावतो तसाच, फक्त मोठा. त्याचे कोपरे वळवताना मशीन तीच, ठक... ठक... ठकठक. मला आता ते ऐकू येऊ लागलं आहे. नत्थूला शिव्या दिल्या मनातल्या मनात.

धोंडबा रिक्षावाला दारात येऊन बसला होता. त्याचा हूड दोन आठवड्यांपासून तसाच पडला आहे.

"वयनी, मी उन्हात भाजून राहिलो अन् तुमी पोट्ट्यांले कोट शिवून राहिल्या."

"तुझाच करते उद्या. जास्त बोलशील तर झालर लावणार नाही."

"झालर पायजे," म्हणाला आणि गप बसला.


५ मे, रविवार

कोट दाखवला. मला वाटलं होतं भांडेल, म्हणेल ढगळ केला, फॅशन बिघडवली. मी तयारीतच होते.

हातातून घेतला. घातला. आरशापुढं उभा राहिला. खांद्याची शिवण खांद्यावर, छातीला ना सुरकुती ना ताण. वळून पाठीचा सूर्य पाहायला मान वाकडी केली. मग बाहीवरून हात फिरवला. डोळे भरल्यासारखे वाटले मला, पण रेक्झिनचा नवा वास डोळ्यांना झोंबतोच.

"माय, नत्थूनं सुतळी देली होती ना?"

"देली होती. जाळली."

"लहान नाही करता येत आता?"

"रेक्झिन आहे ते, सुती कापड नाही. एकदा सुई लागली की भोक बुजत नाही. उसवलं तर चाळणी होते. तुले माहीत नाही का, या धंद्यावर वाढला?"

आणि तो हसला. या दोन आठवड्यांत पहिल्यांदा खरा हसला, पोट धरून. हसत हसत कोट काढला, घडी घातली, कागदात बांधला आणि घेऊन गेला. आवडला का नाही, एक शब्द नाही. ज्याच्यासाठी डोळे फोडा त्याचं हे असं.


१३ मे, सोमवार

काल लिहिलं नाही. घरी यायला रात्र झाली. आता लिहितेच.

धोंडबानं मला नव्या हूडात बसवून स्टेडियमवर नेलं. झालर लावली होती, म्हणून भाडं घेतलं नाही. संध्याकाळ झाली तरी पायऱ्यांचं सिमेंट तव्यासारखं. माझ्यासारखी म्हातारी दुसरी कोणी नव्हती. खाली खुर्च्यांवर सेंट लावलेली पोरं-पोरी, वर पायऱ्यांवर आमच्यासारखे. आधी दोन डिस्कोवाले झाले, चमकी लावून. मग भोंग्यातून कोणी तरी ओरडलं, "फोर्टी-सेव्हन डिग्री!" आणि लाल दिवे लागले.

लॉरेन्स पाय फाकवून उभा. नत्थू ढोलामागं. मागं काळा पडदा. आणि मधोमध माझा कोट.

आवाज धम्माचा. झोपेतही ओळखीन. पण हे काय? कोट खांद्यावरून लोंबत होता, बाहीतून बोटंही दिसत नव्हती. माझं पोरगं एका आठवड्यात एवढं वाळलं? मी धोंडबाचा हात धरला. "याले काय झालं गा? काही रोग तं नाही लागला?"

धोंडबा डोळे बारीक करून पाहत होता. "वयनी," तो हळूच म्हणाला, "तो तुमचा पोरगा नाई."

तो आशुतोष होता. तोंड त्याचं हलत होतं, आवाज माझ्या पोराचा येत होता.

तेव्हा ती सुतळी आठवली. जो समोर उभा राहते त्याचं. शेडाचं लावलेलं दार आठवलं, चिवडलेली भाकर आठवली. मी बसल्या जागी थंड पडले, त्या तापलेल्या सिमेंटवर.

दोन गाणी इंग्रजी झाली. मग ठेका सुरू झाला. ठक... ठक... ठकठक. माझी मशीन, एवढ्या मोठ्या मैदानात. "कोन म्हन्ते मागं सर..." आणि त्या आशुतोषनं चित्रातल्यासारखी मूठ वर केली. बाही घसरून मूठ आत गडप झाली. त्यानं झटकली, पुन्हा वर केली, पुन्हा गडप. कॉलर कानापर्यंत चढली. पायऱ्यांवरून कोणी तरी ओरडलं, "ए, रिक्षाचा हूड! उघड ना बे तोंड!" धोंडबा शपथ घेऊन सांगतो तो नव्हता. मग सगळ्या पायऱ्या हसू लागल्या. "हूड! हूड!" तो गांगरला आणि तोंड हलवायचं विसरला. तोंड बंद आणि आवाज चालूच, "मी तं इथीच उभा!" तेव्हा खालच्या खुर्च्याही हसल्या.

त्यानं कोट ओरबाडून काढला, फळ्यांवर फेकला आणि निघून गेला.

फेकला. पाठीचा सूर्य खाली, धुळीत.

मी पायऱ्या कशा उतरले, मला माहीत नाही. एका पोलिसानं अडवलं. मी म्हटलं, तो माझा कोट आहे, त्यानं रस्ता दिला. बाजूच्या लाकडी जिन्यानं वर गेले, कोट उचलला, पदरानं पुसला, आणि पडदा बाजूला केला.

माझा पोरगा तिथं बनियनवर उभा होता. हातात माइक, तोंड प्लायवूडच्या फळीकडं. शिक्षा केलेल्या शाळेच्या पोरासारखा.

"इथी उभा राहून गात होता? 'मी तं इथीच उभा' म्हणत होता, ते इथी?"

"माय, तू खाली जाय."

गोपाळराव धावत आले. "बाई, तमाशा करू नका. आधीच ठरलेलं आहे सगळं. त्याचं दिसणं, त्याचे उच्चार, हे स्टेजवर चालत नाही. आवाज घेतला ना आम्ही त्याचा? मुलाला विचारा, त्यानं कबूल केलं आहे."

"विचारते. धम्मा, कबूल केलं?"

"हाव," तो म्हणाला.

आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे मी. या एवढ्याशा 'हाव'सारखं काही लागलं नव्हतं. गोपाळरावांना मी तिथंच सोडलं असतं, चहा तसाच ठेवणारे ते काही पहिले नाहीत. पण माझ्या पोरानं आपल्या तोंडानं हाव म्हणावं? हात उचलला होता मी. बावीस वर्षांच्या पोरावर, एवढ्या लोकांत. मग हातात कोट आहे हे लक्षात आलं.

तो लहान असताना शाळेत जायच्या वेळी जसा सदरा धरायची तसा कोट धरला, बाही उघडी करून.

"हात घाल."

"माय, हे लोक उद्या आपल्याले कुठीच उभं राहू देणार नाही."

"हात घाल बे."

त्यानं एक हात घातला, मग दुसरा. मी पाठीवरची शिवण ओढून सरळ केली. लोक अजून ओरडत होते. नत्थूनं पडद्याच्या फटीतून पाहिलं असावं, कारण ठेका पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. धम्मा पडद्याबाहेर गेला.

गाणं मला आवडलं का? नाही. अजूनही नाही. पण त्यानं मूठ वर केली तेव्हा बाही मनगटावर थांबली. जिथं थांबायला पाहिजे तिथंच. वरच्या पायऱ्या पाय आपटत होत्या, ठक... ठक... ठकठक. खुर्च्यांवरचे काही शिट्ट्या मारत होते, काही उठून गेले. अर्ध्यावर माइक बंद झाला. बंद झाला की केला, मला माहीत नाही. मला माहीत आहे. धम्मानं माइक खाली ठेवला आणि तसाच गायला, मान मागं टाकून. मैदानाला टिन नाही, तरी शेवटच्या पायरीपर्यंत पोचलं. धोंडबा तिथं होता, त्यानं सांगितलं.




१४ मे, मंगळवार

आणखी एक राहिलं. परवा घरी आल्यावर कोट निघेना. घामानं अंगाला असा चिकटला की लॉरेन्सनं एक बाही ओढली, धोंडबानं दुसरी, आणि पोरगा मधोमध "मेलो, मेलो" करून राहिला. शेवटी मी कात्री घेतली आणि मानेपासून खालपर्यंत पाठ कापली. लाल सूर्याचे दोन तुकडे, माझ्याच हातानं.

पाठभर घामोळ्या. आज मुलतानी माती भिजवून लावली. तोंड त्याचं भिंतीकडं होतं, म्हणून बोलणं झालं.

"काहून हाव म्हणाला?"

त्यानं भिंतीचा पोपडा नखानं काढला. मग म्हणाला, "माय, मले मैदान पायजे होतं. मी म्हटलं, तोंड त्याचं दिसू दे, आवाज तं माझाच घुमन. लोकं ऐकतीन, मंग एक दिवस विचारतीन, हा आवाज कोणाचा."

"कोणी विचारत नाही. ज्याचं तोंड दिसते त्याचाच आवाज होते."

"तुले तं हे गाणं पसंतच नाही. मंग तू काहून वर आली?"

"माझा कोट फेकला होता त्यानं," मी म्हटलं आणि माती जरा जोरातच चोळली.

"आई गं!"

"ओरड. तेवढंच येते तुले."


२० मे, सोमवार

गोपाळरावांचा माणूस भाड्याचे भोंगे घेऊन गेला. शहरातल्या बाकीच्या मंडपवाल्यांनीही नाही सांगितलं. लॉरेन्स तीन ठिकाणी जाऊन आला. धम्मा म्हणाला होता, कुठीच उभं राहू देणार नाही. खरं बोलला होता. मी वर गेले नसते तर कदाचित पुढच्या महिन्यात अजून एक मैदान मिळालं असतं, अजून एक पडदा.

तिघं शेडात नुसते बसले होते, आवाज नाही. मी मशीन चालवत होते आणि ती शांतता माझ्या डोक्यात बसू लागली. शेवटी मीच ओरडले, "आज का मैत झाली आहे? वाजवा ना काही!"

आतून नत्थू म्हणाला, "मावशी, डोकं दुखन तुमचं."

"दुखूनच राहिलं आहे!"


२६ मे, रविवार

काटोलहून दोन पोरं आली होती, सायकली बसच्या टपावर टाकून. त्या दिवशी वरच्या पायऱ्यांवर होती म्हणे. संत्र्याच्या बाजाराचं मैदान पाऊस लागेपर्यंत रिकामं असते. मंडप नाही, भोंगे चार, खुर्च्या नाहीत. "पण लोकं येतीन," म्हणाली. "तुमचा तो हूडवाला गडी पायजे, बिनमाइकचा गायला तो."

"मीच तो," धम्मा म्हणाला. गुर्मी परत आली लगेच, गुंड्या उघड्याच आहेत. पाहून पुन्हा राग आला मला.

कापलेला कोट काही जोडता येत नाही. नवं रेक्झिन काढलं. या वेळी बगलेत आणि पाठीवर पितळी रिंगांची भोकं ठेवणार आहे, हवा खेळायला. धोंडबाचं काम पुन्हा मागं पडलं, या वेळी रिक्षाचा पावसाळी पडदा. तो ओरडेल, ओरडू दे.

धम्माशी मी अजून सरळ बोलत नाही. त्या 'हाव'चं भोक बुजायला वेळ लागेल, कदाचित बुजणारही नाही. पण माप पाहिजे होतं. पाहून कापायचं नाही असं ठरवलं आहे आता, त्याच्यासमोर उभं राहून घ्यायचं. म्हणून सुतळी घेतली, घरातल्या कोणाचं माप मी पहिल्यांदा सुतळीनं घेतलं.

"हात वर कर."

केले, मैदानात केले होते तसेच. मी सुतळी छातीभोवती फिरवली. मागच्या कोटाची छाती मला पाठ आहे, तिथं आधीच गाठ मारून ठेवली होती. टोक गाठीपर्यंत पोचेना. दोन बोटं कमी पडलं.

"छाती फुगवू नको. श्वास सोड."

"सोडलेलाच आहे, माय."

मी जुनी गाठ सोडली आणि पुढं नवी मारली.